कोकणातली जुनी पिकअप घेताना गंज कुठे आणि कसा पाहावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावजवळ आपली द्राक्षबाग आहे, माल बाजारात नेण्यासाठी एक जुनी पिकअप हवी आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यात २०१७ ची नोंदणी असलेली एक बोलेरो पिकअप आपल्याकडच्या बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. गाडीचा रंग नवा आहे, इंजिन ओळखीच्या मिस्त्रीने ऐकून चांगले ठरवले आहे. किनाऱ्यावरच्या गाडीचा गंज कसा तपासावा आणि त्यातला किती चालवून घ्यावा, एवढेच आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी चिपळूणला गेली सव्वीस वर्षे चेसी, हौदा आणि पत्र्याचे काम करतो आणि घाट चढून देशावर विकल्या गेलेल्या अनेक गाड्या दोन-तीन वर्षांनी पुन्हा माझ्याकडेच दुरुस्तीला आलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी किती सालची आहे आणि किती किलोमीटर चालली आहे हे लोक आधी विचारतात. गंजाच्या बाबतीत त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे : या गाडीने आजवर काय वाहिले? सलग सहा वर्षे आंब्याच्या पेट्या, किराणा किंवा फर्निचर वाहिलेली किनाऱ्यावरची गाडी खालून आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ असू शकते. उलट मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बंदरावरून दोनच वर्षे मासळी भरलेली गाडी हौद्याखाली संपलेली असते. बर्फ वितळून मासळीच्या पेट्यांमधून जे खारे पाणी गळते, ते हौद्याच्या फटींतून थेट चेसीवर पडते आणि तेही दररोज, उन्हाळ्यातसुद्धा. पावसाचे पाणी निदान धुऊन तरी नेते. हे पाणी ठिबकत राहते आणि वाळून मागे मीठ ठेवते. खाडीतली वाळू वाहिलेल्या गाडीचीही गत हीच होते, कारण ती वाळू खारी असते आणि ओली असतानाच भरली जाते. देशावरच्या गाड्यांनाही हा नियम लागू आहे. आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि लोखंडाला त्रास देणारा क्लोराइड त्यातही तोच आहे जो समुद्राच्या मिठात आहे. त्यामुळे खताच्या दुकानाची गाडी सांगलीची असली तरी मी ती मासळीच्या गाडीइतक्याच संशयाने पाहतो.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण आपल्या सौद्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे. गाडी एकदा तासगावच्या कोरड्या हवेत नेली की गंज आपोआप थांबेल, असे अनेकजण मानतात आणि विकणाराही तसेच सांगतो. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढे पुरते. मीठ ती क्रिया वेगवान करते, आणि त्याशिवाय हवेतला ओलावा स्वतःकडे ओढून घेते. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाघळू लागते, पण समुद्राच्या मिठात जे मॅग्नेशियम क्लोराइड असते ते सुमारे ३३ टक्क्यांनाच पाघळते. म्हणजे दोन पत्र्यांच्या फटीत अडकलेले मीठ आपल्याकडच्या रात्रीच्या हवेतही ओले राहू शकते, आणि वरून कोरडी दिसणारी चेसी आतून गंजत राहते. मीठ धुऊन काढले तरच फरक पडतो, आणि फटीतले मीठ धुणे हे सांगण्याइतके सोपे नाही.

गाडीने काय वाहिले याचे खरे उत्तर मालकाकडून मिळेलच असे नाही, पण गाडी ते सांगते. हौद्याच्या तळाच्या कोपऱ्यांत, फाळक्याच्या बिजागरीमागे आणि तळाच्या जोडांमध्ये टोच्या घालून जे निघेल ते हातावर घेऊन पाहा. माशांचे खवले वर्षानुवर्षे तिथे टिकून राहतात आणि रंगाखालीसुद्धा सापडतात. तळाला पाणी निघून जाण्यासाठी मागाहून पाडलेली भोके, बाजूंना थर्माकोलची किंवा फायबरची पेटी बसवल्याच्या बोल्टच्या खुणा, तळावर नव्याने ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, या सगळ्या मासळीच्या खुणा आहेत. नव्या ॲल्युमिनियम पत्र्याबद्दल विशेष सावध राहावे, कारण तो खालचा सडलेला तळ झाकतो आणि वर खाऱ्या पाण्याच्या संगतीत दोन वेगळे धातू एकमेकांना लागल्याने जोडापाशी नवी झीज सुरू करतो. खालच्या बाजूला तांबडा थर दिसला म्हणून लगेच घाबरू नये. आमच्याकडची जांभ्याची माती गंजाच्याच रंगाची असते, आणि चिऱ्याच्या खाणीवर जाणारी गाडी खालून पूर्ण लाल दिसते. ओल्या फडक्याने पुसल्यावर माती निघून येते आणि गंज राहतो. मात्र ती माती चेसीच्या कोपऱ्यात गोळा होऊन महिनोन्महिने ओल धरते, म्हणून माती निघाल्यावर तिच्याखालची जागा अवश्य पाहावी.

आता नव्या रंगाविषयी. मालवाहू गाडीला नोंदणीपासून आठ वर्षे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते, ज्याला आपण सगळे पासिंग म्हणतो. पासिंगच्या आधी हौदा, केबिन आणि चेसी रंगवून घेण्याची रीतच आहे. त्यामुळे रंग ताजा आहे एवढ्यावरून लबाडी ठरत नाही. प्रमाणपत्राची तारीख पाहावी : पासिंग दोन-तीन महिन्यांपूर्वी झाले असेल आणि रंगही तेवढाच जुना असेल, तर तो पासिंगचा रंग आहे. पासिंगला अजून आठ महिने आहेत, गाडी विक्रीला काढली आहे आणि चेसी मात्र काळ्या रंगाने चकचकीत आहे, असे असेल तर तो रंग आपल्यासाठी मारलेला आहे हे समजून पुढची तपासणी करावी. पासिंगचा रंग लावणारा कारागीर घाईत असतो. तो नट-बोल्ट, पाइप, रबरी बुश, चिखल, सगळ्यावरून एकाच झपाट्यात फवारा मारतो. हा निष्काळजीपणा आपल्या उपयोगाचा आहे, कारण गंज खरवडून काढण्याची तसदीही त्याने घेतलेली नसते आणि रंगाखाली पापुद्रे तसेच राहतात. नखाने किंवा नाण्याने रंग उचलून पाहिला की रंगाचा तुकडा निघताना पाठीला तपकिरी थर घेऊन येतो.

रंगापेक्षाही अधिक फसवे असते ते जळके ऑइल. कोकणात पावसाळ्यापूर्वी गाडीच्या खाली जुने इंजिन ऑइल डिझेलमध्ये मिसळून फवारण्याची पद्धत आहे. त्याने गंजाला काही प्रमाणात आळा बसतो हे खरे असले, तरी काळ्या ओशट थराखाली चांगले लोखंड आणि सडलेले लोखंड अगदी एकसारखे दिसते.

यासाठी माझा आग्रह असा असतो की गाडी मालकाच्या अंगणात न पाहता जवळच्या वॉशिंग सेंटरवर, जिथे रॅम्प किंवा लिफ्ट आहे तिथे, आपल्या खर्चाने नेऊन खालून धुवायला लावावी, वाळू द्यावी आणि मग तपासावी. जाताना चांगली विजेरी, टोच्या किंवा जुना पेचकस, पावशेराची हातोडी, तारेचा ब्रश, दोरी बांधलेले एक साधे लोहचुंबक आणि जुनी कापडे सोबत घ्यावीत. हात पोहोचत नाही तिथे मोबाइलचा कॅमेरा घालून चित्रफीत काढता येते. पावसाळी दिवशी किंवा संध्याकाळी पाहणी करू नये, ओल्या पृष्ठभागावर काहीच कळत नाही. रॅम्प नसेल आणि जॅकवर उचलावी लागली, तर केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. घोडे (गाडीला खालून आधार देणारे लोखंडी स्टँड) लावावेत किंवा निदान दोन्ही बाजूंना जाड लाकडी ओंडके रचावेत. टोच्या लावण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, आणि त्याने नकार दिला तर तो नकार हीसुद्धा माहितीच आहे.

पिकअपचा कणा म्हणजे शिडीसारखी चेसी : पुढून मागपर्यंत जाणारे दोन लांब चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. केबिन आणि हौदा हे दोन्ही तिच्यावर बोल्टने बसवलेले असतात, ते बदलता येतात. चेसीचे तसे नाही. म्हणून वेळेतला मोठा हिस्सा इथे द्यावा. पुढच्या चाकांच्या मागची जागा, जिथे टायर चिखल आणि खडी थेट फेकतो, ती प्रथम पाहावी. त्यानंतर मागच्या ॲक्सलवर चेसी जिथे वर वळते तो भाग, मागच्या कमानपाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे आणि मागचे हँगर, म्हणजे पाट्यांची टोके चेसीला धरणारे लोखंडी कान, शॅकल म्हणजे पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा, स्टेपनीच्या वरचा क्रॉस मेंबर आणि अगदी शेवटचा, बंपर ज्याला लागतो तो क्रॉस मेंबर, हा क्रम ठेवावा. चॅनल उघडा असेल तर त्याच्या खालच्या पट्टीवर, आतल्या बाजूने, बोट फिरवून पाहावे. माती आणि पाणी तिथेच साचते आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. जिथे चॅनल पेटीसारखा बंद असेल, तिथे खालच्या भोकांतून विजेरी आणि कॅमेरा घालावा. भोकातून हातोडीच्या ठोक्याबरोबर चहाच्या पत्तीसारखे तपकिरी कण गळू लागले, तर गंज आतून चालू आहे आणि बाहेरच्या रंगाला काही अर्थ नाही.

हातोडी जोरात मारण्याची गरज नसते. दर वीतभर अंतरावर हलका ठोका देत जावे आणि कानाने ऐकावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते आणि हातोडी उडून परत येते. पापुद्रे सुटलेले लोखंड भद्द वाजते आणि हातोडी जागेवर बसते. शंका आली तिथे टोच्या दाबावा. वरवरच्या गंजाला टोच्या फक्त ओरखडा पाडतो. पापुद्र्याचा गंज ढलप्यांनी निघतो, आणि तो ब्रशने साफ केल्यावर खाली किती जाडी उरली ते शेजारच्या निरोगी जागेशी ताडून पाहता येते. टोच्या आरपार गेला किंवा लोखंड बिस्किटासारखे चुरले, तर त्या जागेबद्दल चर्चा संपली. बाहेर आलेल्या गंजाच्या जाडीवरून नुकसान मोजू नये, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो. अर्ध्या बोटाचा ढलपा निघाला तरी गेलेले लोखंड त्यामानाने थोडे असते. मात्र याच फुगण्यामुळे दोन पट्ट्या जिथे एकावर एक रिव्हेटने जोडलेल्या असतात तिथे गंज मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो, आणि पट्टी लाटेसारखी फुगलेली दिसते. ही लाट मला आढळली तर ती गाडी मी घेऊ देत नाही, कारण रिव्हेट आधीच ताणले गेलेले असतात आणि आतला गंज साफ करण्याचा सोपा मार्ग नसतो.

रिव्हेट आणि बोल्ट यांच्याभोवती आणखी एक खूण असते. सगळी चेसी काळी आणि एखाद्या रिव्हेटच्या डोक्याभोवती मात्र कुंकवासारखी बारीक तांबडी भुकटी, असे दिसले तर ती ओलाव्याने झालेल्या गंजाची नव्हे, हालचालीची खूण आहे : जोड ढिला झाला आहे, दोन पृष्ठभाग भाराखाली एकमेकांवर घासत आहेत आणि त्यातून ही भुकटी निघते. कमानपाट्यावरही असेच वाचता येते. पाट्यांवरचा सरसकट तपकिरी रंग सामान्य आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे. पण एका पाट्यावर आडवी, केसासारखी तांबडी रेघ असेल तर तिथे बहुधा तडा आहे आणि तड्यातून गंज पाझरतो आहे.

हँगरच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी कराडच्या एका नातलगासाठी मी एक पिकअप पाहून दिली. दिवस पावसाचा होता, खाली ऑइलचा फवारा होता, चेसी मधल्या भागात उत्तम वाजत होती, आणि मागच्या हँगरच्या आतली बाजू स्टेपनी आड येत असल्यामुळे मी ती न पाहताच होकार दिला. चार महिन्यांनी कुंभार्ली घाटात कांद्याची भरलेली गाडी चढत असताना डाव्या बाजूचा हँगर चेसीच्या पत्र्यासकट फाटून सुटला आणि मागचा ॲक्सल तिरका झाला. चालकाने गाडी डोंगराच्या कडेला दाबून थांबवली म्हणून पुढचे टळले. हँगर स्वतः धडधाकट होता. रिव्हेटही शाबूत होते. रिव्हेटभोवतीचा चेसीचा पत्रा आतून कागदासारखा झाला होता. तेव्हापासून कोणतीही पिकअप पाहताना मी सर्वांत आधी स्टेपनी खाली काढतो. आपणही तेच करावे. त्या निमित्ताने स्टेपनीची साखळी आणि तिची यंत्रणा गंजून अडकली आहे का, हेही कळते.

चेसीवर पूर्वी वेल्डिंग झाले असेल तर ते लपवलेले असू शकते, म्हणून दोन्ही चॅनलची सलग तुलना करावी. एका बाजूला पट्टी जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, एका बाजूला कारखान्याची भोके आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी सपाट पत्रा, ग्राइंडरने घासल्याच्या चंद्रकोरीसारख्या खुणा, यावरून ठिगळ ओळखता येते. सगळीच ठिगळे वाईट नसतात. सडलेला भाग कापून, निरोगी लोखंडापर्यंत जाऊन, टोके तिरकी ठेवून आणि पुरेशा लांबीची पट्टी घेऊन केलेले काम वर्षानुवर्षे टिकते. मी स्वतः अशी कामे केली आहेत. सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवून कडेने टाके मारलेले काम मात्र दोन पावसाळ्यांत खालून पुन्हा सडते, आणि चॅनलला आडवा, वरच्या-खालच्या पट्टीसकट दिलेला सरळ वेल्ड तर बरोबर त्याच रेषेवर चेसी मोडण्याची सोय करून ठेवतो.

याच वेळी चेसी क्रमांक पाहून घ्यावा. तो चेसीच्या लोखंडावरच कोरलेला असतो आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांत गंजाने खाल्ला जाऊन एखाद-दुसरे अक्षर अस्पष्ट झालेले असते. गाडी नावावर करताना या क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो आणि पुढे प्रत्येक पासिंगला तो वाचला जातो. सतरा अक्षरे स्वच्छ वाचता येत नसतील तर व्यवहार पुढे नेऊ नये. परिवहन कार्यालयाच्या परवानगीने क्रमांक पुन्हा कोरून घेण्याचे काम विकणाऱ्याने, त्याच्या नावावर गाडी असतानाच, पूर्ण करून द्यावे. क्रमांकाची जागा आपण जोरात घासू नये. मऊ ब्रश आणि थोडे डिझेल पुरते.

हौद्याबद्दल मी फार काळजी करत नाही, कारण तो बदलता येतो. पण तो चेसीवर जिथे टेकतो ती जागा महत्त्वाची आहे. हौद्याखालचे आडवे चॅनल आणि चेसी यांच्यामध्ये लाकूड किंवा रबर असेल, तर ते पाणी शोषून धरते आणि बरोबर त्याच्याखाली चेसीची वरची पट्टी खाल्ली जाते. हौदा न उचलता ती पूर्ण पाहता येत नाही, पण दोन्ही कडांनी टोच्या घालून अंदाज येतो. तळ वरून पाहताना चेकर पत्र्यावर चालून पाहावे. पाय टेकल्यावर लवचिक वाटणारी जागा खालून सडलेली असते. आपली द्राक्षाची क्रेट्स रचून जाणार असल्यामुळे थोडा दुबळा तळही आपल्याला चालेल, खडी वाहणाऱ्याला चालणार नाही. त्यामुळे इथे किंमत कमी करून घ्यावी, गाडी नाकारू नये.

केबिनमध्ये पायाखालचे रबरी आच्छादन पूर्ण उचलायला लावावे. चालकाच्या ओल्या चपला आणि काचेच्या रबरातून झिरपणारे पाणी यामुळे पायाखालचा पत्रा आणि दाराच्या उंबऱ्याची पट्टी सर्वांत आधी जाते. काचेच्या खालच्या कोपऱ्यांत, जिथे पाने अडकतात, आणि बॅटरीच्या बैठकीखाली, जिथे आम्ल सांडते, तिथेही पाहावे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघण्याची भोके असतात. ती बुजली की दार आतून कुजते आणि रंग बाहेरून फोडासारखा फुगतो. पुट्टी भरलेली जागा शोधण्यासाठी कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही. कोणाकडे रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र मिळाले तर उत्तमच : कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो आणि पुट्टी असलेल्या जागी आकडा त्याच्या कितीतरी पट जातो. केबिन ज्या रबरांवर बसते त्यांच्याभोवतीचा पत्रा तेवढा नीट तपासावा, कारण तिथे सड असेल तर दुरुस्तीसाठी केबिन उचलावी लागते.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांकडे बहुतेक खरेदीदार पाहतच नाहीत, आणि माझ्या मते जिवाच्या दृष्टीने चेसीनंतर त्याच महत्त्वाच्या आहेत. चेसीच्या आतल्या बाजूने मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारी नळी जिथे क्लिपमध्ये धरलेली असते, तिथे क्लिपखाली पाणी राहते आणि नळी तेवढ्याच जागी खाल्ली जाते. क्लिप थोडी सरकवून पाहावी. नळीवर दाणेदार गंज असेल तर ती बदलायचीच, असे धरून तो खर्च किमतीतून वजा करावा; हे काम मोठे नाही, पण टाळण्याजोगेही नाही. हँडब्रेकच्या केबल, मागच्या ब्रेकचा भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असल्यास त्याची दांडी आणि डिझेलच्या टाकीचे पट्टे याच फेरीत पाहून होतात. सायलेन्सरचा गंज, ब्रेक ड्रमवरचा तांबडा थर आणि प्रॉपेलर शाफ्टवरचे डाग यांवर वेळ घालवू नये.

गाडी पुरात सापडली होती का, हा प्रश्न आमच्या भागात विचारावाच लागतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात तेच झाले. पुराची गाडी खालून नव्हे, वरून ओळखावी. सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा; आतल्या टोकाला गाळाचा पट्टा राहिलेला असतो. सीटखालच्या रुळांचा गंज, डॅशबोर्डच्या मागच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि दिव्यांच्या आतली गाळाची रेघ, या जागी पाणी रोजच्या वापरात कधीच पोहोचत नाही. शहरात पुराचे पाणी गोडे असले तरी गाळ बंद चॅनलच्या आत शिरलेला असतो आणि तो तिथेच राहतो.

आता कितपत चालवून घ्यावे. चेसीवर वरवरचा गंज, हौद्याच्या तळाला भोके, दाराची खालची कड, केबिनच्या पायाखालचा तळहाताएवढा सडलेला पत्रा, ब्रेकच्या नळ्या : हे सगळे दुरुस्त होते आणि त्याचा खर्च आपण एखाद्या वेल्डरकडून आधीच काढून घेऊन किमतीत धरावा. चेसीला एखाद्या ठिकाणी पापुद्रे असतील, पण हँगर, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि पुढच्या सस्पेन्शनची जागा निरोगी असेल, तर जाणत्या चेसीवाल्याला दाखवून निर्णय घ्यावा. याच तीन जागांपैकी एकीला जरी सड असेल, चॅनल दोन्ही बाजूंनी गेला असेल किंवा पट्ट्यांमध्ये ती फुगीर लाट असेल, तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. आपल्याला तासगावहून मालाची भरलेली गाडी घेऊन घाट उतरायचे असतात.

गाडी घेतलीत, तर घाट चढण्यापूर्वी नव्हे, घरी पोहोचल्यावर सावकाश करायचे एक काम आहे. खालून भरपूर गोड्या पाण्याने, चॅनलच्या आत नळी घालून, दोन-तीन वेळा काही दिवसांच्या अंतराने धुवावे आणि प्रत्येक वेळी उन्हात पूर्ण वाळू द्यावे. बोअरचे पाणी खारट असेल तर ते वापरू नये. आपल्या भागात अनेक ठिकाणी ते खारट असते. त्यानंतर सुटे पापुद्रे ब्रशने काढून गंजरोधक प्रायमर आणि वर रंग द्यावा, आणि बंद पोकळ्यांत मेणासारखा थर देणारा फवारा मारावा. डांबरासारखे जाड अंडरकोटिंग मात्र गंजावरून थेट मारून घेऊ नये. ते वरून सुंदर दिसते, कडेला सुटते आणि आत शिरलेले पाणी बाहेर येऊ देत नाही. जळके ऑइल मारायचेच असेल तर रबरी बुश आणि ब्रेकचे होज वाचवून मारावे, कारण खनिज तेलाने रबर फुगते. पहिला पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, स्टेपनी काढून हँगरच्या आतली बाजू पुन्हा एकदा हातोडीने वाजवून पाहावी, आणि खरेदीच्या वेळी मोबाइलवर काढलेल्या चित्रफितीशी ती ताडावी. म्हणून ती चित्रफीत पुसू नये.